तारीख द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र लोकसेवा आयोग

विषय: पुढे ढकललेल्या परीक्षा आणि न कळवलेल्या तारखा

महोदय,

हे पत्र ईमेलनेही पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण ते तुमच्याइतकंच आमच्या घरच्यांसाठी आहे. आमचे आईवडील, मामा, आत्या, गल्लीतल्या काकू, या सगळ्यांना आता असं वाटायला लागलंय की पोरगी परीक्षेत नापास झाली आणि कोरोनाचं निमित्त सांगत घरी बसली. त्यांना खरं काय ते तुमच्या तोंडून कळलं तर बरं होईल.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बीएस्सी झाल्यावर 2018 पासून पुण्यात नव्या पेठेत राहून राज्यसेवा (तहसीलदार, उपजिल्हाधिकारी अशा पदांची परीक्षा) आणि कम्बाइन (फौजदार, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या पदांची एकत्र परीक्षा) यांची तयारी करते. घरची जमीन कोरडवाहू, सोयाबीन आणि कापसाची. कॉट (म्हणजे चौघींच्या खोलीतली भाड्याची एक खाट), मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि झेरॉक्स धरून माझा महिन्याचा खर्च सात हजारांच्या घरात जायचा. वडील तो कसा पाठवायचे ते मी विचारत नसे आणि ते सांगत नसत.

आता या महिन्यात, जुलै 2021 मध्ये, हे पत्र का, ते सांगते. जूनच्या अखेरीस पुण्यात एका मुलाने जीव दिला. स्थापत्य अभियंता, आयोगाची मुख्य परीक्षा पास झालेला, मुलाखतीची वाट पाहत थांबलेला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, गेल्या दोन आठवड्यांत ते सगळ्यांनी वापरून घेतलं आहे. त्यानंतर अधिवेशनात घोषणा झाल्या: आयोगाच्या सदस्यांच्या रिकाम्या जागा 31 जुलैपर्यंत भरणार, 15,511 पदांच्या भरतीला मान्यता. घोषणा चांगल्या आहेत. पण त्यात आम्हाला हवी असलेली एकच गोष्ट नव्हती. परीक्षा कधी, मुलाखत कधी, नियुक्ती कधी, यातल्या एकाही प्रश्नाला तारखेचं उत्तर मिळालं नाही.

राज्यसेवा पूर्वपरीक्षा 2020 चा प्रवास तुम्हाला माहीत आहे, पण घरच्यांना नाही, म्हणून लिहिते. पदं 200. मूळ तारीख 5 एप्रिल 2020. टाळेबंदी लागली, म्हणून 26 एप्रिल. मग 13 सप्टेंबर. त्याच दिवशी नीट आली, म्हणून 20 सप्टेंबर. मग 11 ऑक्टोबर. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर वातावरण तापलं आणि 9 ऑक्टोबरला, पेपरला दोन दिवस उरले असताना, तीही पुढे गेली. जानेवारीत नवी तारीख आली, 14 मार्च 2021. पेपर रविवारी आणि आधीच्या गुरुवारी, महाशिवरात्रीला, परिपत्रक निघालं की परीक्षा पुढे ढकलली. त्या दुपारी शास्त्री रोडवर पोरं उतरली, रात्री मुख्यमंत्री महोदय, आपण स्वतः आठवड्याभरात परीक्षा घेऊ असं सांगितलंत आणि 21 मार्चला ती खरंच झाली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण मंत्रालयात बसून असं म्हणता येईल की या मुलांना मार्चमध्ये परीक्षा हवी होती आणि एप्रिलमध्ये नको होती, यांचं काय ऐकायचं. हो, तसंच होतं. एप्रिलमध्ये पुण्यात बेड मिळत नव्हता, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फोन फिरवत होते, आमच्याच पेठेत खोल्याच्या खोल्या पॉझिटिव्ह निघत होत्या. 11 एप्रिलची कम्बाइन पुढे ढकलली ते योग्यच झालं. माझी तक्रार ढकलण्याबद्दल नाहीच. एक तर ते बऱ्याचदा दोन-तीन दिवस आधी ठरतं. आणि ढकलताना पुढची तारीख बऱ्याचदा सोबत येत नाही. 11 एप्रिलच्या परीक्षेची नवी तारीख आज, जुलै महिना अर्धा सरत आला तरी, आम्हाला माहीत नाही. ही जाहिरात फेब्रुवारी 2020 मधली आहे, पदं 806.

परीक्षा घेता येत नव्हती असंही नाही. सप्टेंबर 2020 मध्ये जेईई झाली, नीट झाली. 4 ऑक्टोबरला यूपीएससीची पूर्वपरीक्षा आपल्याच राज्यातल्या केंद्रांवर झाली. यंदा 28 फेब्रुवारीला आपल्याच आरोग्य विभागाची भरती परीक्षा झाली. आणि 21 मार्चला आयोगानेही घेऊन दाखवली. दारात तापमान तपासलं, प्रत्येकाला मास्क, हातमोजे आणि सॅनिटायझरच्या पाऊचचं किट दिलं. मार्चचा उन्हाळा, रबरी मोज्यात तळवा घामाने चिकट झालेला, काळ्या बॉलपेनने गोल भरताना पेन सटकायचं आणि गोलाबाहेर शाई जाईल म्हणून जीव मुठीत. तरी आमच्या वर्गातली सगळी मुलं शेवटच्या मिनिटापर्यंत बसून होती. त्या दिवशीच्या व्यवस्थेबद्दल आयोगाचे आभार मानायला मला काहीच अडचण नाही. म्हणजे तुम्हाला जमतं. तेव्हा जमलं ते रस्त्यावर उतरल्यामुळे जमलं, एवढंच खटकतं.

मधल्या काळात आम्ही कसे जगलो ते सांगते, कारण परिपत्रकाच्या दुसऱ्या टोकाला काय होतं याची कल्पना तुम्हाला असेल असं वाटत नाही.

मार्च 2020 मध्ये अभ्यासिका बंद झाल्या, पाठोपाठ मेस बंद झाल्या. ज्या खोलीत आम्ही फक्त झोपायला जायचो, त्या दहा बाय बाराच्या खोलीत चौघी चोवीस तास. स्वयंपाकाला परवानगी नव्हती. घरमालकांनी इंडक्शन शेगडीला हो म्हणायला तीन आठवडे घेतले, तोवर पोहे भिजवून, बिस्किटं, आणि एका संस्थेची मुलं आणून द्यायची ती खिचडी. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या यादीत आम्ही नव्हतो, कारण आम्ही शिकत नव्हतो. मजुरांच्या यादीत नव्हतो, कारण कामाला नव्हतो. रेशनकार्ड गावी. राजस्थानातल्या कोट्याहून मुलांना आणायला एसटीच्या गाड्या गेल्या, चांगलंच झालं ते. आम्ही मात्र आपल्याच राज्यात, घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर, कुणाच्याच हिशेबात नसलेले. मे महिन्यात पास निघाला तेव्हा मी गावी आले. कॉटचं भाडं तरी चालू राहिलं, कारण परीक्षा कधी लागेल याचा नेम नव्हता आणि सोडलेली कॉट पुन्हा मिळत नाही.

गावात आल्यावर चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. ज्या वर्गात मी चौथी शिकले त्याच वर्गात चटई टाकून राहिले. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला, त्यात पालघर नव्हता, म्हणजे 2014 च्या आधीचा. मी रोज सकाळी तो नकाशा बघत जिल्हे, नद्या, घाट तोंडपाठ करायची. शेजारच्या वर्गात मुंबईहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्या पोराला मी पाढे शिकवले. त्या चौदा दिवसांत माझा भूगोल खरोखर पक्का झाला, हे मी गमतीने सांगत नाही.

मग खरा लॉकडाऊन सुरू झाला. घरात एकच खोली, तिथेच टीव्ही, तिथेच आजी. नेट टाकीच्या चढावर गेल्यावर यायचं, तेही टूजीसारखं. टेलिग्रामवरून एक पीडीएफ उतरायला अर्धा तास. व्हिडिओ चालायचा नाही, म्हणून आम्ही खोलीतल्या चौघींनी साधा कॉन्फरन्स कॉल सुरू केला, रात्री साडेनऊला, जेवणं उरकल्यावर. एकीने दहा प्रश्न काढायचे, बाकीच्यांनी पर्याय सांगायचे आणि का ते पटवून द्यायचं. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या गोठ्यातली म्हैस, कुणाचा भाऊ ओरडतोय. राष्ट्रपती राजवटीच्या कलम 356 वर वाद चालू असताना एकीचा फोन कटला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. ते वाचले. कॉल आजही चालू आहे, फक्त आता तिघीच असतो.

चौथीचं लग्न झालं. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण हा टाळेबंदीचा परिणाम कुणी मोजलेला दिसत नाही. यंदा एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा आदेश निघाला. त्याआधी पन्नास. हजार माणसांच्या पंगतीचा खर्च वाचतोय, मंडप नाही, बँड नाही, रुसवेफुगवे नाहीत, तर उरकून घ्या, असा हिशेब गावोगावी झाला. मुलीची परीक्षा असती तर तिच्या हातात उत्तर असतं: अमुक महिन्यात पेपर आहे, तोवर थांबा. बापही थांबतात, महोदय, एवढे काही ते वाईट नसतात. पण तिच्याकडे तारीख नव्हती. कधी आहे परीक्षा, या प्रश्नावर ती किती वेळा म्हणणार की अजून कळवलं नाही? ती आमच्यात सगळ्यात हुशार होती, सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या बुद्धिमापनाच्या पेपरात, तर आम्ही तिच्या जवळपासही नव्हतो. मला हा प्रश्न रोज विचारला जातो. माझे वडील विचारत नाहीत, पण मामा विचारतात, आणि मामांकडे स्थळांची वही आहे.

मुलांचं वेगळं. पुण्यात राहिलेल्यांपैकी काहींनी पार्सल पोचवायचं काम धरलं, दिवसभर हेल्मेट आणि रात्री पुस्तक. एकाने कात्रजला भाजीचा टेम्पो लावला. गावी परतलेले शेतात, कापूस वेचायला, कुणी रोजगार हमीवर. यात कमीपणा नाही, आम्ही सगळे त्याच घरांतून आलोय. पण पाच महिन्यांनी परीक्षा आहे हे माहीत असतं तर त्यातल्या कित्येकांनी चार महिने नीट पगाराचं काम केलं असतं आणि शेवटचा महिना अभ्यासाला ठेवला असता. परीक्षा पंधरा दिवसांत लागेल की वर्षाने, हे माहीत नसलं की माणूस धड काम धरू शकत नाही आणि धड अभ्यासही करू शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटी स्टँडवर गाडी लागेल लागेल म्हणत सामानावर बसून राहावं, पाणी प्यायलाही उठू नये, तसं आमचं दीड वर्ष गेलंय.

झोप उडालेले खूप आहेत. रात्री तीनला टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, काही अपडेट? आणि लगेच चार-पाच उत्तरं येतात. म्हणजे ती सगळी जागी असतात. मग अफवा येते, एखादी जुनी पीडीएफ तारीख खोडून फिरते, सकाळपर्यंत शंभर जण बॅगा भरायच्या तयारीत. तुमच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा चार ओळी आल्या असत्या, अगदी "अजून निर्णय नाही, पुढची माहिती अमुक दिवशी देऊ" एवढ्याच, तरी या अफवांचा धंदा बसला असता.

आता वयाचं आणि संधींचं. 30 डिसेंबर 2020 ला आयोगाने जाहीर केलं की खुल्या प्रवर्गाला सहा संधी, ओबीसींना नऊ. अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. नियम यूपीएससीच्या धर्तीवर आहे आणि एरवी मी त्याच्या बाजूने बोललेही असते. दहा-दहा वर्षं पेठेत काढणारे दादा मी पाहिले आहेत, त्यांना वेळेवर बाहेर पडायला काहीतरी लागतं. पण ज्या वर्षी एकही परीक्षा वेळेवर झाली नाही त्याच वर्षी संधी मोजायचा नियम आणायचा? यूपीएससीची परीक्षा एरवी दरवर्षी ठरल्या वेळी होते, म्हणून तिथे संधी मोजण्याला अर्थ आहे. आणि वय तर कोरोनातही वाढतच होतं. खुल्या प्रवर्गाची 38 वर्षांची आणि मागास प्रवर्गाची 43 वर्षांची मर्यादा या काळात ओलांडलेले उमेदवार आहेत. त्यांची परीक्षा ढकलली गेली, त्यांचा वाढदिवस नाही.

पास झालेल्यांचं तर आणखी अवघड. राज्यसेवा 2019 चा अंतिम निकाल 19 जून 2020 ला लागला. चारशेहून अधिक जण निवडले गेले, गावात त्यांचे सत्कार झाले, हार पडले. वर्ष उलटलं, ज्याच्यासाठी नियुक्त्या अडल्या होत्या तो मराठा आरक्षणाचा निकाल 5 मे रोजी लागूनही दोन महिने होऊन गेले, त्यांना अजून नियुक्ती नाही. म्हणजे होणारे तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी घरी बसून आहेत आणि त्याच वेळी जिल्ह्याजिल्ह्यांत कोविडच्या कामाला माणूस पुरत नाही म्हणून शिक्षकांना सर्वेक्षणाला जुंपलंय. 4 मे 2020 च्या वित्त विभागाच्या निर्णयाने आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरतीच थांबवली. तिजोरीत पैसा नव्हता, हे समजू शकते. पण आधीच निवडलेल्या माणसांना कामाला न लावण्यात कुठली बचत झाली? आणि अभियांत्रिकी सेवेच्या मुलाखती? सहा जणांच्या आयोगात चार खुर्च्या रिकाम्या असतील तर मुलाखती संथ होणार हे सांगायला अभियंता लागत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. सगळ्या मान्य करायला पैसा लागतो असंही नाही.

एक, रखडलेल्या प्रत्येक टप्प्याची तारीख या महिनाअखेरीपर्यंत जाहीर करा: कम्बाइन पूर्व 2020, राज्यसेवा मुख्य 2020, अभियांत्रिकीच्या मुलाखती, 2019 च्या नियुक्त्या. तिसऱ्या लाटेची भीती असेल तर त्याच परिपत्रकात पर्यायी तारीखही द्या. तारीख दूरची असली तरी चालेल, डिसेंबरची दिलीत तरी आम्ही कुरकुर करणार नाही.

दोन, परीक्षा पुढे ढकलायचीच असेल तर किमान पंधरा दिवस आधी सांगा. त्यानंतर ढकलली तर हॉलतिकीट दाखवणाऱ्याला एसटीचं भाडं परत द्या.

तीन, मार्च 2020 पासून ज्यांनी वयोमर्यादा ओलांडली त्यांना एक जादा संधी द्या आणि संधींची मोजणी वेळापत्रक सुरळीत होईपर्यंत थांबवा.

चार, आयोगाच्या जागा 31 जुलैपर्यंत भरणार हे सभागृहात सांगितलं आहे, ते पाळा. 15,511 पदांपैकी कोणत्या विभागाची किती आणि जाहिरात कोणत्या महिन्यात, हे कागदावर येऊ द्या.

पाच, पुन्हा निर्बंध लागले तर अभ्यासिकांना सिनेमागृहांच्या आणि जिमच्या रांगेत उभं करू नका. निम्म्या क्षमतेने, एक खुर्ची सोडून, खिडक्या उघड्या ठेवून त्या चालू शकतात. तिथे कुणी बोलत नाही, बोललं तर आमच्यातलीच पोरं हाकलून देतात.

सहा, उमेदवारांसाठी समुपदेशनाची एक दूरध्वनी सेवा हवी, रात्रीही चालणारी. दुसऱ्या टोकाला कट ऑफ म्हणजे काय आणि तीन गुणांनी राहणं म्हणजे काय हे माहीत असलेलं माणूस हवं. "सकारात्मक विचार करा" सांगणारी आमच्याकडे भरपूर आहेत, त्यांचे तर क्लास आहेत.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. आयोगाच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत, तारीख घालून. त्याची प्रिंट काढून मी एक मामांना देणार आहे आणि एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार आहे.

आपली,
कम्बाइन आणि राज्यसेवा 2020 ची एक उमेदवार
सध्या मुक्काम: जिल्हा परभणी
जुलै 2021